चार पायांचा रांजण आणि अकरा महिन्यांचा करार

आमच्या मावसभावाच्या डोक्यात सध्या एकच गोष्ट आहे: खोल्या. रांजणगावच्या एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्याला दोन गुंठे मिळतायत, सहा खोल्या काढायच्या, भाड्यानं द्यायच्या आणि आयुष्यभर पाय पसरून बसायचं. दिवसाआड फोन. "दादा, डिपॉझिट किती घ्यावं? दादा, पत्रा टाकू का स्लॅब?" त्याचं गाव इनामगावच्या पंचक्रोशीतलं. शेवटी मी म्हटलं, लेका, तुझ्या घराशेजारी घरांची आख्खी शाळा भरली होती, तिथं आधी जाऊन ये. तो म्हणाला, "ती पांढर? तिथं काय आहे आता?"

आता तिथं बघण्यासारखं फारसं काही नाही, हे खरं. पण १९६८ मध्ये डेक्कन कॉलेजची पुरातत्त्वज्ञ मंडळी घोड नदीकाठच्या त्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, उतरली आणि पुढं दशकभराहून जास्त काळ खणत राहिली. सांकळिया, अन्सारी आणि ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. मातीखालून १३० हून जास्त घरं निघाली. काळ इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७००. म्हणजे नऊशे वर्षांचा घरबांधणीचा अनुभव, तोही आपल्याच काळ्या मातीतला. भाडं तिथं कुणी कुणाला देत होतं का, ते माती सांगत नाही. बाकी बरंच सांगते.

नावातच इनाम, आणि आपण निघालो भाडं मागायला

इनाम म्हणजे सारामाफीची जमीन. कुणाला देवस्थानासाठी, कुणाला चाकरीबद्दल, कुणाला राजाची मर्जी म्हणून. व्यक्तिगत इनामं सरकारनं १९५२ च्या कायद्यानं मोडली, त्याला आता सत्तरहून जास्त वर्षं झाली. पण "वडिलोपार्जित जागा आहे, फुकटातच पडलीय, दोन खोल्या काढू" म्हणणाऱ्यांच्या मनात इनामदारी अजून शाबूत असते. फुकटातली जागा फुकटात कमाई देते, असा त्यांचा पक्का समज. याच समजापायी नवे घरमालक पहिल्या दोन वर्षांत तोंडघशी पडतात.

आधी पाणी कुठं जातं ते बघा

इनामगावकरांनी नदीकाठी घरं केली, तशी पुराच्या पाण्याची तजवीजही केली. तिथल्या लोकांच्या जोर्वे संस्कृतीच्या सुरुवातीच्या काळातला दगडामातीचा बांध आणि पाण्याचा पाट उत्खननात सापडला. पूर वळवायचा आणि तेच पाणी शेताला द्यायचं, असा दुहेरी बेत. तीन हजार वर्षांपूर्वी ज्यांच्याकडं लोखंडही नव्हतं, त्यांना एवढं कळत होतं.

आज नदीकाठची जागा घेणाऱ्यानं पाटबंधारे खात्याच्या दोन रेषा विचाराव्यात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी आणि निळी रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात बांधकामाला मनाई. दलाल हे सांगत नाही. तो म्हणतो, "साहेब, व्ह्यू बघा."

नदी लांब असली तरी उतार बघायचाच. भर पावसात, छत्री घेऊन, जागेवर अर्धा तास उभं राहायचं. मावसभावाला हे सांगितलं तर म्हणाला, "ऑगस्टपर्यंत कोण थांबतंय? जागा जाईल." मग शेजारच्या पानटपरीवाल्याला तरी विचार, म्हटलं. त्यानं विचारलं. टपरीवाला म्हणाला, "आत्ता तुम्ही जिथं उभे आहात ना भाऊ, तिथं श्रावणात माझा बाकडा तरंगतो." सौदा शेजारच्या वरच्या अंगाच्या जागेवर सरकला. दर तोच राहिला. सल्लागार म्हणून टपरीवाल्याला एक चहा पाजला, तेवढाच खर्च.

जमिनीखाली काय पुरलंय?

इनामगावची ही गोष्ट ऐकून पाहुण्यांच्या अंगावर काटा येतो. तिथं लहान मूल दगावलं की दोन मातीची भांडी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत ते मूल, आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचं. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडून पुरल्याचीही उदाहरणं निघाली. का, याचे तर्क पुष्कळ. गेलेला परत चालत येऊ नये, हा त्यातला एक.

पाच खोल्यांचं एक घर तर विशेषच. त्याला लागून धान्याचं कोठार, म्हणून अभ्यासकांनी ते गावच्या मुखियाचं मानलं. त्या घराच्या अंगणात चार पायांचा, पोट सुटलेला, कच्च्या मातीचा एक मोठा रांजण निघाला आणि त्यात मांडी घालून बसलेला एक पुरुष. पायसुद्धा शाबूत. मानाचं दफन.

तुम्ही जागा घेताना खाली सांगाडा निघायची शक्यता कमी. पण कागदातला सांगाडा हमखास निघतो. सातबाऱ्यावर बहिणींची नावं, इतर हक्कात सोसायटीचा बोजा, गावठाणाबाहेर असूनही बिनशेती न झालेली जमीन, ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ ला भलत्याच चुलत्याचं नाव. "नमुना आठला नाव आहे म्हणजे मालकी आहे" हा गावोगावचा गोड गैरसमज. ती कर आकारणीची नोंद आहे. घरपट्टी कुणाकडून घ्यायची ते ती सांगते, मालक कोण ते नाही. किमान तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. त्याची फी जड वाटते, पण नंतरच्या तारखांइतकी नाही.

कूळ लागेल का हो?

शिरूर-दौंडच्या कुठल्याही पारावर खोली भाड्यानं देण्याचा विषय काढा. पाचव्या मिनिटाला कुणीतरी म्हातारा म्हणेल, "नको रे बाबा, कूळ लागेल." या भीतीला तारीख आहे: १ एप्रिल १९५७, कृषकदिन. कसेल त्याची जमीन. हजारो कुळं त्या दिवशी मालक झाली, आणि मालकांच्या घरात ती कहाणी बाऊसारखी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. पण तो कूळकायदा शेतजमिनीचा. खोलीतल्या भाडेकरूला त्यानं कूळ लागत नाही.

दुसरी भीती बारा वर्षांची. "बारा वर्षं राहिला की घर त्याचं." तसंही नाही. जो तुमच्या परवानगीनं राहतो, तो कितीही वर्षं राहिला तरी तेवढ्यानं मालक होत नाही. फक्त परवानगीचा पुरावा तुमच्याकडं हवा. खरी गोम तिथंच आहे.

तिसरी भीती मात्र खरीखुरी घडलेली. मुंबईच्या जुन्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. वर १९७३ मध्ये दुरुस्ती झाली: त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जो लायसन्सवर राहत होता, तो भाडेकरू ठरला. म्हणजे "चार महिने राहा" म्हणून दिलेली जागा कायमची गेली. त्या धक्क्यानं कितीतरी लोकांनी फ्लॅटला कुलूप लावून ठेवणं पसंत केलं. ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि चित्र पालटलं. पण पारावरच्या म्हाताऱ्याकडं ती बातमी अजून पोचायची आहे.

अकराच का?

भारतभर भाडेकरार अकरा महिन्यांचा का असतो? कुणी म्हणतं अकरा हा शुभ आकडा. सवाष्णीला ओटीत सव्वा रुपया देतात तसा काहीसा भाव. खरं कारण रुक्ष: नोंदणी कायद्याप्रमाणं एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून एक महिना कापला. नोंदणी वाचली.

गंमत अशी की महाराष्ट्रात ही पळवाट चालत नाही, तरी सवय गेली नाही. इथल्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे, नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. तुम्ही म्हणा भाडं पाच हजार ठरलं होतं. तो म्हणाला अडीच, तर अडीच. हा कायदा त्याच्या यादीत दिलेल्या गावा-शहरांना लागू होतो, तेव्हा आपलं गाव यादीत आहे का ते विचारून घ्यावं. पण मी म्हणेन, असो वा नसो, नोंदवा.

कारण खर्च ऐकलात तर हसाल. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का. समजा भाडं साडेतीन हजार, मुदत अकरा महिने, डिपॉझिट दहा हजार. भाड्याचे झाले ३८,५००. परतीच्या डिपॉझिटवर सालाना दहा टक्के धरायचे, ते अकरा महिन्यांचे नऊशे सतरा. बेरजेवर पाव टक्का म्हणजे शंभराच्या आसपास. नोंदणी फी ग्रामीण भागात ५००, शहरात १,०००. आधार आणि अंगठ्याच्या यंत्रावर एजंट घरी येऊन करून देतो, त्याची मजुरी वेगळी. कोर्टाची एक तारीख म्हणजे वकील, एसटी, वडापाव आणि बुडालेला दिवस. तुलना तुम्हीच करा.

या नोंदणीचं फळ त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये. मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर त्याला दुप्पट दराचे पैसे द्यावे लागतात आणि मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडं थेट ताब्यासाठी जाता येतं. जुन्या कायद्याच्या काळातल्या मुंबईकर घरमालकाला हे सांगितलं असतं तर त्यानं पेढे वाटले असते.

पश्चिमेचा कुंभार

इनामगावात घरांची मांडणी कशीही नव्हती. खातेपिते शेतकरी वस्तीच्या मध्यभागी, आणि कुंभार, सोनार, चुना करणारे, हस्तिदंत कोरणारे असे कारागीर पश्चिमेच्या कडेला. कुंभाराची भट्टीसुद्धा सापडली.

आजची शिरूर-दौंडची भाडेबाजारपेठही अशीच वाटून घेतलेली आहे, फक्त दिशा वेगळ्या. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमा या पट्ट्यात कारखान्यांचे कामगार. एका खोलीत तिघे-चौघे, शिफ्ट वेगवेगळ्या, म्हणजे पलंग थंडच होत नाही. कुरकुंभला रसायनांचे कारखाने. दौंडला रेल्वे आणि राज्य राखीव पोलीस दल. पगार एक तारखेला, बदली कधीही. इनामगावच्या आसपास साखर कारखान्यांचा हंगाम. कुणाला खोली द्यायची हे ठरवल्याशिवाय खोली कशी बांधायची ते ठरत नाही. तिघा कामगारांना मोठी मोरी आणि कपडे वाळत घालायला दोरी हवी. रेल्वेतल्या कुटुंबाला शाळा जवळ आणि कट्टा उंच हवा, कारण वहिनींचं पहिलं वाक्य किचनच्या ओट्यावरच येतं. मावसभावाच्या पहिल्या प्लॅनमध्ये सहा खोल्यांना मिळून दोन मोऱ्या होत्या. मी म्हटलं, पहाटे पाचला सहा खोल्यांतली पहिली पाळी एकदम उठली की तिथं जे होईल ते तू सोडवायला जाशील का? आता सहा आहेत.

गोल झोपडी आणि उसाची कोपी

इनामगावच्या शेवटच्या काळात चौकोनी प्रशस्त घरं गेली आणि बारक्या गोल झोपड्या आल्या, तीन-चार मिळून एका अंगणाभोवती. पाऊस कमी झाला, शेती आटली, पोट शिकारीवर आणि जनावरांवर आलं, अशी ढवळीकरांची मांडणी. माणसाची ऐपत घराच्या आकारातून वाचता येते, ती अशी.

गंमत बघा, गळिताच्या हंगामात त्याच शिवारात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. पाचटाच्या, बांबूच्या, चारपाच महिन्यांच्या. हंगाम संपला की कोपी मोडली. भाड्याची खोली बांधणाऱ्यानं त्या कोप्यांकडं बघून एक आकडा मनाशी लिहावा: वर्षातले किती महिने माणूस राहणार? बारा नाहीच.

मावसभावाची पाटी आणि माझी पेन्सिल

त्याचा हिशेब: सहा खोल्या, साडेतीन हजार, बारा महिने. दोन लाख बावन्न हजार. "बसल्याजागी, दादा!"

माझा हिशेब: प्रत्येक खोली वर्षातून सरासरी एक महिना रिकामी धर. राहिले दोन लाख एकतीस हजार. घरपट्टी, पाणी, मोटार, सेप्टिक टाकीचा उपसा, दोन नळ, एक दरवाजा, पावसाआधी पत्र्याचे हूक, खोली बदलताना रंग. पस्तीस हजार धर, आणि मी कंजुषीनं धरतोय. एखादा न सांगता गेला तर त्याचं थकलेलं भाडं आणि लाईटबिल. सहा हजार. हातात आले एक लाख नव्वद. आता जागा आणि बांधकाम मिळून तुझे वीस लाख लागणार असतील तर साडेनऊ टक्के. ठेवीपेक्षा बरे, पण ठेव रात्री अकराला फोन करून "मालक, पाणी गेलं" म्हणत नाही.

दोन मिनिटं फोनवर शांतता. मग, "भाडं चार हजार केलं तर?" सगळे नवे मालक इथंच येतात. पाचशे वाढवून खोली दोन महिने रिकामी राहिली, तर वर्षाला जेमतेम दीड हजार जास्त, आणि तीन महिने राहिली तर सगळी वाढ गिळून वर अडीच हजार पदरचे जातात: साडेतीन हजारांनी अकरा महिन्यांचे ३८,५००, चारनं दहा महिन्यांचे ४०,०००, तीन महिने रिकामी राहिली की ३६,०००. चांगला माणूस पाचशे रुपयांसाठी घालवू नये.

एक सुखद गोष्ट मात्र सांगितली. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा करायची आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट. रंग दिला असो वा नसो, पावती असो वा नसो. प्राप्तिकर खातं आयुष्यात एवढं विश्वासानं क्वचितच वागतं.

बॅबिलोनचा घरमालक, रोमचा जिना

इनामगावच्याही आधी, बॅबिलोनच्या हम्मुराबीच्या संहितेत घरभाड्याची तरतूद होती. भाडेकरूनं वर्षाचं भाडं आगाऊ दिलं आणि मालकानं त्याला मुदतीआधी काढलं, तर घेतलेल्या पैशांवर मालकाचा हक्क राहत नसे. आणि घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड. आपल्याकडच्या काही ठेकेदारांना हे वाचून दाखवावंसं वाटतं.

रोममध्ये भाड्याच्या उंच इमारती होत्या. तिथं वरचा मजला सगळ्यात स्वस्त, कारण पाणी वर चढत नसे आणि आग लागली की वरचेच अडकत. आज पुण्यात वरच्या मजल्याला जास्त पैसे मोजतात. मधे फक्त लिफ्ट आली.

मीटरचा फोटो

जुना घरमालक कोण आणि नवा कोण, हे एका गोष्टीवरून ओळखू येतं. भाडेकरू आत यायच्या दिवशी जुना मालक मोबाईल काढतो आणि विजेच्या मीटरचा फोटो घेतो. आकडा दिसेल असा, तारखेसह. मग पंखे किती, ट्यूब किती, नळाची तोटी पितळेची का प्लास्टिकची, दाराची कडी, खिडकीची काच. सगळ्याचा एक व्हिडिओ करून भाडेकरूलाच पाठवून ठेवतो. डिपॉझिट परत देताना होणारी निम्मी भांडणं तिथंच मिटतात. शक्य असेल तर प्रत्येक खोलीला महावितरणचं वेगळं मीटर घ्यावं. एका मीटरवर सहा खोल्या म्हणजे "इस्त्री कुणी लावली?" हा रोजचा तमाशा.

भाडं थकलं म्हणून वीज तोडणं, पाणी बंद करणं, कुलूप बदलणं हे मर्दुमकीचं वाटतं, पण भाडे नियंत्रण कायदा त्याला चक्क मनाई करतो. मालक बरोबर असूनही गुन्हा मालकावरच येतो. लेखी नोटीस पाठवा, सही घ्या, संयम ठेवा. आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायला विसरू नका. फोटो, आधार, गावचा पत्ता. राहणाऱ्यालाही त्याचा राग येऊ नये म्हणून आधीच हसत सांगावं: "दादा, सगळ्यांचंच देतो आम्ही."

कणगीखालचे ओटे

इनामगावच्या घरांत धान्याच्या कणग्या मातीच्या गोल ओट्यांवर ठेवत. कणगी जमिनीला टेकली की ओल आणि उंदीर दोन्ही वर चढतात, हे त्यांना ठाऊक होतं. मावसभावानं परवा हे ऐकल्यावर पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी विचारलं. "मग आपल्या खोल्यांची जोती किती उंच घ्यावीत?" मी म्हटलं, टपरीवाल्याला विचार, बाकडा किती तरंगतो ते. त्यानं त्याच संध्याकाळी जाऊन टेप लावली. दीड फूट. जोतं अडीच फुटांवर घेतलंय. पायरी एक वाढली म्हणून गवंडी कुरकुरतोय.